विचारपूस करा, चौकशी नको : कोठडीत छळ सोसून घरी आलेल्या माणसाच्या सोबतीला जाताना

पोलिसांनी उचलून नेलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी घरी येतो तेव्हा वस्तीत गर्दी होते. कुणी पाणी देतं, कुणी रडतं, कुणी म्हणतं, "सुटलास ना, बास." आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "काय काय केलं रे त्यांनी?" हा लेख त्या गर्दीत पहिल्यांदाच जाऊन उभ्या राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही संघटनेत नव्याने आला असाल, आशाताई असाल, वस्तीशाळेचे गुरुजी असाल किंवा नुसते शेजारी. मी सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या पारधी वस्त्यांवर हे काम करते, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. पण शहरातल्या झोपडपट्टीतला मुलगा असो की संशयावरून नेलेला फेरीवाला, बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

मराठीत दोन शब्द आहेत, विचारपूस आणि चौकशी. या माणसाला चार दिवस चौकशीसाठीच नेलं होतं. तिथे विचारणारे खुर्चीत होते आणि हा फरशीवर. घरी आल्यावरही कुणी समोर बसून प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, की त्याचं अंग पुन्हा त्या खोलीत जातं. "जेवलास का, झोप लागली का, पाय कसा आहे" ही विचारपूस. "किती जण होते, कशाने मारलं, तू काय सांगितलंस" ही चौकशी.

मी हे चुकून शिकले. पहिल्या वर्षी एका तरुणाकडे वही-पेन घेऊन गेले. घटनाक्रम ताजा असताना लिहून घ्यावा, असं मला शिकवलं होतं. तो प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचा, "बरोबर ना, ताई?" मला वाटलं, पोरगा मन लावून सांगतोय. महिनाभराने त्याच्या आईकडून कळलं, की कोठडीतही तो प्रत्येक उत्तरानंतर "बरोबर ना, साहेब?" म्हणत होता, मार थांबावा म्हणून. ती वही मी पुन्हा उघडली नाही.

आधी लघवीचा रंग

पोहोचल्यावर पहिली विचारपूस शरीराची. आणि शरीरातही आधी एकच गोष्ट : लघवी होतेय का, आणि तिचा रंग कसा आहे?

मांड्या, पोटऱ्या, पाठ आणि नितंबांवर पट्ट्याने किंवा काठीने खूप मारलं असेल, मांड्यांवर दांडकं ठेवून लाटलं असेल, तर आतला स्नायू चेचला जातो. वरून कातडी फुटलेली नसते, म्हणून घरचे हळद लावून झोपवतात. पण चेचलेल्या स्नायूतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कोऱ्या चहासारखी काळपट लघवी, लघवी कमी होणं किंवा अजिबात न होणं, उलट्या, पाय टणक सुजणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय असेल तर तिथे, नाहीतर थेट जिल्हा रुग्णालयात न्या. डॉक्टरांना "मार खूप बसलाय आणि लघवी काळी होतेय" हे दोन्ही एका वाक्यात सांगा. गावातल्या डॉक्टरकडून दुखणं थांबवण्याचं इंजेक्शन घेऊन वेळ काढू नका. डायक्लोफेनॅकसारखी औषधं अशा वेळी मूत्रपिंडांवर आणखी ताण आणतात.

बाकीच्या काही दुखापती अनेकदा सुटून जातात, कारण दिसत नाहीत. कानफटात जोरात बसली असेल तर कानाचा पडदा फाटलेला असू शकतो. माणूस "ऐकू कमी येतंय" असं म्हणत नाही, तो फक्त "काय?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. हात मागे बांधून टांगलं असेल तर खांद्याजवळच्या शिरा ताणल्या जातात आणि ताट उचलताना हात थरथरतो. तळपायांवर मारलं असेल तर आठवड्याभरात सूज उतरते, पण चालताना कळ पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. घरचे म्हणतात, आता काही दिसत नाही, कामचुकारपणा करतोय. तुम्हाला हे माहीत असलं, तर निदान त्याच्या बाजूने एक वाक्य बोलता येईल.

दवाखान्यातला कागद

सरकारी दवाखान्यात मारहाणीच्या केसची एमएलसी होते, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद. इथे सगळ्यात मोठा घोळ भीतीने होतो. केसपेपर लिहिणारा विचारतो, "कसं लागलं?" आणि माणूस म्हणतो, "पडलो." दवाखान्यातच पोलीस चौकी असते, हवालदार दारात उभा असतो, तर दुसरं काय म्हणणार? तुमचं काम त्याला खरं बोलायला भाग पाडण्याचं नाही. आधी बाहेर, चहाच्या टपरीवर वगैरे, शांतपणे सांगा : इथे ‘पडलो’ लिहिलं गेलं तर पुढे ते खोडता येणं फार अवघड जातं. आज काहीच सांगायचं नसेल तर "कारण सांगायचं नाही" असंही म्हणता येतं. मग निर्णय त्याचा.

डॉक्टर ऐकणारे असतील तर त्यांना विनंती करा, की जखमा फक्त मोजू नका. माणूस जे सांगतोय त्याच्याशी त्या जुळतात की नाही, हेही लिहा. छळाच्या खुणांची नोंद कशी करावी यासाठी संयुक्त राष्ट्रांची इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची पुस्तिका १९९९ पासून आहे, २०२२ मध्ये ती सुधारून आली. त्यात हेच सांगितलं आहे. अनेक डॉक्टरांना ती ठाऊक नसते. पण नाव सांगितलं की चांगला डॉक्टर शोधून वाचतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आधीच घाला, अर्थात त्याला विचारून. विजेचे शॉक दिलेल्या माणसाच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावताना तो टेबलावरून उडी मारून पळू शकतो. पालथं झोपवून मारलेल्या माणसाला फिजिओथेरपीसाठी पालथं झोपायला सांगणं सोपं नसतं. "आता मी हे लावणार आहे, नको वाटलं तर हात वर करा," एवढं म्हटलं तरी पुष्कळ फरक पडतो.

फोटो घरीच काढता येतात. उन्हाच्या उजेडात, जखमेशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून काढा. एक फोटो असा हवा, की ज्यात चेहरा आणि जखम दोन्ही येतात. खोल मुका मार कातडीवर दोन-तीन दिवसांनी उमटतो, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि कधी काढला ती माहितीही निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि वकिलाशिवाय कुणालाच नको. रक्ताचे कपडे धुऊ नका, वाळवून कागदी पिशवीत ठेवा.

बाईला नेलं असेल, तर स्त्री डॉक्टर मागा, आणि तिच्यासोबत आत कोण थांबेल हे तिला ठरवू द्या. लैंगिक अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला तिच्यावर प्रथमोपचार मोफत करावेच लागतात. फरार नवऱ्याने हजर व्हावं म्हणून बायकोला, आईला ठाण्यात बसवून ठेवणं हे आमच्या भागात इतकं अंगवळणी पडलंय, की बायका त्याला छळ म्हणतही नाहीत. कायद्याप्रमाणे साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असला तरी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावं लागतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणून ते देशभर गाजलं. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा कायद्यात आला. हे मी वस्तीतल्या बायकांना सांगते, कारण तो बदल आपल्याच विदर्भातल्या एका गरीब मुलीच्या तक्रारीतून सुरू झाला.

कुठे बसायचं, काय घालायचं

पहिल्या भेटीला चालत किंवा मोटरसायकलवर जा. पांढरी बोलेरो वस्तीच्या तोंडाशी थांबली की पोरं उसाच्या फडात पळतात. खाकी पँट, जड बूट टाळा. चाव्यांचा जुडगा खिशातच राहू द्या. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. मी एका घरात नुसतं कुलूप उघडल्याच्या आवाजाने माणूस घामाने भिजलेला पाहिलाय.

आत जायच्या आधी विचारा, "येऊ का?" बसायच्या आधी विचारा, "कुठे बसू?" तो खाली बसला असेल तर तुम्हीही खालीच बसा. त्याच्या आणि दाराच्या मध्ये बसू नका. दार उघडं ठेवायचं की लोटायचं, हे त्याला विचारा. कोठडीत त्याने लघवीला जायचं तरी परवानगी घ्यावी लागत होती. आता दाराची कडी, बसायची जागा, चहा आत्ता की नंतर, अशा बारीकसारीक गोष्टी त्याने ठरवायच्या आणि आपण ऐकायच्या. "मी सांगतो ते घडतं" हे पुन्हा जाणवायला अशा साध्या गोष्टींपासूनच सुरुवात होते.

भाषेचं भान ठेवा. पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची आहे, मराठी ही त्यांची बाजारातली आणि ठाण्यातली भाषा. माणूस मराठीत तुटक बोलतो आणि आपल्याला वाटतं तो लपवतोय. दुभाषा लागला तर तो त्याने निवडलेला असावा, आणि शाळेत जाणारं त्याचं लेकरू तर कधीच नसावं. बापाला कसं मारलं, हे बापाच्या तोंडून ऐकून मुलीने आपल्याला मराठीत सांगायचं, ही शिक्षा तिला कशासाठी?

या वस्त्यांना पोलिसांचं भय काल-परवाचं नाही. इंग्रजांनी १८७१ साली जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात आजही आहे, आणि हजेरीच्या आठवणी म्हाताऱ्यांकडून नातवंडांपर्यंत आल्या आहेत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. लोक तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी पालांकडे वळते ती आजही. म्हणून तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचं भय एकट्याचं नसतं, त्यात आजोबांचंही असतं. विश्वास बसायला चार-सहा महिने लागले तर त्याला उशीर म्हणू नका.

"ताई, मी नाव घेतलं"

या कामातला सगळ्यात जड भाग हा आहे आणि यावर कुणी नवख्यांना काही सांगत नाही.

पाठीवरचे वळ महिन्याने जातात. राहतं ते वेगळंच. तिसऱ्या रात्री, मार सहन होईना म्हणून, त्याने न केलेली चोरी कबूल केलेली असते. किंवा चुलतभावाचं, मेव्हण्याचं नाव घेतलेलं असतं. पोलीस मग त्या मेव्हण्याला उचलतात. हा घरी येतो तेव्हा बहीण दारात उभी राहून त्याच्याकडे बघत नाही. वस्ती दोन भागांत फुटते. जातपंचायत बसायची बोलणी सुरू होतात. आणि तो कुणालाच सांगू शकत नाही, की नाव तोंडातून कसं बाहेर पडलं ते त्यालाही नीट आठवत नाही.

हे तुम्हाला तो लगेच सांगणार नाही. कधीतरी, बहुधा तुम्ही निघायला उठाल तेव्हा, जमिनीकडे बघत म्हणेल, "ताई, मी नाव घेतलं." त्या क्षणी घाईने "त्यात काय, कुणीही घेतलं असतं" म्हणू नका. ते खरं असलं तरी त्याचं ओझं झटकून टाकल्यासारखं होतं. पुन्हा खाली बसा. गप्प राहा. तो थांबला की मी साधारण एवढंच म्हणते, "ते नाव तू घेतलं नाहीस, त्यांनी ते तुझ्याकडून काढलं. छळ त्याचसाठी असतो." याच शब्दांत म्हणायला हवं असं नाही. पण जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट शब्दांत कुणीतरी बोलावं लागतं.

मग एक कायद्याची गोष्ट सांगण्यासारखी असते, कारण तिने खरोखर दिलासा मिळतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेविसाव्या कलमात आहे. (कबुलीवरून चोरीचा माल सापडला तर तेवढा भाग चालतो, आणि मोक्कासारख्या कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालू शकते. म्हणून वकिलाला विचारूनच धीर द्या.) २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अशाच कबुल्या होत्या. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने त्या नाकारल्या आणि बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण मारून वदवलेल्या शब्दाची किंमत काय, हा प्रश्न फक्त पारधी वस्तीपुरता नाही, हे ऐकून आमच्या एका दादाने पहिल्यांदा मान वर केली होती.

बहिणीशी, मेव्हण्याशी समेट घडवायला तुम्ही धावू नका. वस्तीतली एखादी थोर बाई, दोन्ही घरांना धरून असणारी, ते काम आपल्यापेक्षा बरं करते. तिला फक्त एवढं कळायला हवं, की नाव कसं निघालं. आणि ते तिला सांगायचं की नाही, हे त्याच्या परवानगीने.

पुरुषांवरही लैंगिक अत्याचार होतात. नागवं करणं, गुप्तांगाला शॉक, मिरचीपूड. बाईमाणसासमोर कुणीही हे बोलत नाही, म्हणून सोबत एखादा वयाने मोठा पुरुष कार्यकर्ता असावा आणि त्याने कधीतरी बिडी ओढता ओढता एवढंच म्हणावं, "अशा गोष्टीही करतात ते, मला माहीत आहे." पुढचं आपोआप येतं, किंवा येत नाही.

रात्रीचं काय

दिवसा कामात माणूस निभावतो, रात्र खायला उठते. झोप न लागणं, कुत्रं भुंकलं तरी दचकून उठणं, गाडीच्या आवाजाला पळायला लागणं, बायको-पोरांवर कारण नसताना खेकसणं, आणि उलट कधी काहीच न वाटणं. घरच्यांना सांगा, की हे वेड नाही आणि करणीही नाही. अंगाने धोक्याची सवय लावून घेतलीय, ती सुटायला वेळ लागतो. त्याला झोपेतून हलवून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा.

बसल्या जागी तो ‘तिकडे’ गेलाय असं वाटलं, नजर थिजली, श्वास भरभर व्हायला लागला, तर हळू आवाजात सांगा, "आज बुधवार आहे. आपण घरी आहोत. दार उघडं आहे. मी अमुक." हातात गार पाण्याचा तांब्या द्या. प्रशिक्षणात शिकवतात, पाय जमिनीवर घट्ट दाबायला सांगा. तळपायावर मार खाल्लेल्या माणसाला तसं कधीही सांगू नका.

दारू वाढते. तिच्यावर व्याख्यान देऊन उपयोग नाही, झोप लागली की ती थोडी कमी होते. त्यासाठी डॉक्टर हवा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, पहिल्यांदा तुम्ही सोबत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि "जगून काय उपयोग" असं काही कानावर आलं तर आडून विचारू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात भरत नाही. हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा, आणि सकाळी दवाखाना.

त्याच्या बायकोची विचारपूस वेगळी करा. चार दिवस ठाण्याबाहेर ती उभी होती. वकिलासाठी डोरलं तिने मोडलं. आता त्याचा रागही तीच झेलतेय. तिला कुणी काही विचारत नाही.

हजेरी आणि तारीख

जामिनावर सुटलेल्या माणसाला अनेकदा अट असते, दर रविवारी किंवा सोमवारी ठाण्यात हजेरी. म्हणजे जिथे मारलं त्याच खोलीच्या दारात दर आठवड्याला जाऊन सही करायची. नवख्या माणसाने काही एकच काम करायचं ठरवलं, तर मी सांगेन, हे करा : हजेरीला त्याच्याबरोबर जा. भांडायला जाऊ नका. बाहेरच्या बाकावर बसा, वही पुढे आली की तो सही करेल, दोघं परत या. आदल्या रात्री त्याला झोप येत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या दहाला येते" एवढं सांगा. शिवाय वकिलामार्फत कोर्टाकडे अर्ज करता येतो, की हजेरीचं ठाणं बदलून द्यावं किंवा अट शिथिल करावी.

तारखांचंही तसंच. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि वॉरंट निघालं की पुन्हा तीच गाडी. घराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर लावा, तारखेला लाल खूण करा. पैसे नसतील तर वकील मोफत मिळतो. बायका, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांचा तो १९८७ च्या कायद्याने हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा.

माणूस अजून कोठडीतच असेल तर काय, हेही थोडक्यात. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये ठरवून दिलं, की अटकेचा कागद व्हायला हवा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या माणसाची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांची तपासणी हवी. वकिलामार्फत निरोप पाठवा, की न्यायदंडाधिकाऱ्यांनी "काही तक्रार आहे का?" विचारलं तर तिथे बोलता येतं, आणि त्यांना जखम दाखवता येते. दाखवायचीच, असं मात्र त्याच्यावर लादू नका. कोर्टातून तो पुन्हा त्याच कोठडीत जाणार आहे, आपण नाही.

तक्रार करायची की नाही

इथे नवे कार्यकर्ते सर्वाधिक चुकतात, आणि चांगल्या मनाने चुकतात. अन्याय झालाय, गुन्हा नोंदवलाच पाहिजे. पण तक्रारीनंतर रात्री दार वाजणार ते त्याचं. जुन्या गुन्ह्यात नाव घुसवलं जाणार ते त्याच्या भावाचं. म्हणून त्याच्यापुढे सगळे रस्ते ठेवा, प्रत्येकाचा धोका सांगा आणि थांबा. "नको" म्हणाला तर भेटी थांबवू नका.

भारतात छळाविरुद्ध वेगळा कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर करून अंमलात आणलेला नाही. २०१० मध्ये लोकसभेने एक विधेयक मंजूर केलं, ते पुढे बारगळलं. तोवर आहे ते वापरायचं. कबुलीसाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या १२० व्या कलमाखाली गुन्हा आहे. ठाण्यात कुणी तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या, तरीही झालं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर, मराठीत, बिनखर्चाची तक्रार करता येते, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकच तक्रार पाठवू नका. एकीकडे चालू असली की दुसरीकडे ती घेत नाहीत.

एक काम मात्र तक्रारीचा निर्णय व्हायच्या आधीच सुचवा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपायला सांगितलं. तारीख-वेळ घालून "हे चित्रण पुसू नये" असा अर्ज वकिलामार्फत लवकर द्या. तक्रार सहा महिन्यांनी करायची ठरली, तरी तोवर पुरावा राहील.

आणि वेळेबद्दल खोटी आशा दाखवू नका. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यात पोलिसांवर गुन्हा नोंदवायला त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं आणि आदेश आला जुलै २०२५ मध्ये. राज्यभर गाजलेल्या प्रकरणात एवढा वेळ लागला. आपल्या वस्तीतल्या अनाम माणसाला "महिन्यात न्याय मिळेल" म्हणणं हे त्याच्याशी खोटं बोलणं आहे.

पोट

खांदा उचलत नाही तो माणूस कोयता कसा चालवणार? ऊसतोडीची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. पोलिसांनी उचललं आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली, अशी दुहेरी कोंडी मी कित्येक घरांत पाहिली आहे. मुकादमाशी बोलून या हंगामात हलकं काम किंवा मुदत मिळते का ते बघा, मात्र त्या माणसाच्या देखत आणि त्यालाच विचारून. जप्त केलेला फोन, मोटरसायकल सुपूर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करू, अशा हमीवर) परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. वकिलाला आठवण करा, कारण किरकोळ म्हणून ते मागे पडतं आणि गाडी ठाण्याच्या आवारात गंजते. रेशनकार्ड, जातीचा दाखला, आधार धाडीत हरवले असतील तर ते काम तुम्ही सहज करू शकता.

तुमच्या बाजूचं

जे ऐकाल ते तिथेच राहू द्या. गटावर फोटो नको, नाव बदलून लिहिलेली पोस्टही नको, वस्तीत सगळे ओळखतात. पत्रकार आणायचा तर चार दिवस आधी विचारा, आणि ऐनवेळी त्याने नको म्हटलं तर पत्रकाराला परत पाठवा. २६ जून हा छळ सोसलेल्यांच्या पाठिंब्याचा जागतिक दिवस आहे. त्या दिवशी कार्यक्रम जरूर घ्या, पण माणसाला मंचावर उभं करून कहाणी सांगायला लावू नका.

ऐकलेलं तुमच्याही झोपेत येईल. महिन्यातून एकदा जुन्या सहकाऱ्याबरोबर बसून, नावं न घेता, बोला. एका वेळी दोन-तीन घरांपेक्षा जास्त धरू नका. मी एकदा सात धरली होती आणि त्यांतल्या एका घरी दोन महिने जाऊच शकले नाही. त्या माणसाला वाटलं, मला कुणीतरी त्याच्याबद्दल वाईट सांगितलं. ते निस्तरायला वर्ष गेलं.

म्हणून काम कमी करायचं असेल तेव्हा ते आधी सांगा. आठवड्याची भेट पंधरवड्यावर, मग महिन्यावर, आणि तारीख त्याच्याच कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. त्या तारखेला येणं जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा.